मटाराच्या सालांखालची नायिका

जबलपूरजवळच्या शहपुऱ्याकडून मटाराचं पोतं आलं की आमच्या घरात हिवाळा आला असं धरतात. थंडी त्याआधी पंधरा दिवस आलेली असते, स्वेटर निघालेले असतात, पण ते काही खरं नव्हे. पोतं दारात टेकलं, सुतळी सुटली आणि तो कच्चा, ओलसर, जरासा मातकट वास जिन्यात भरला की मग खरं. यंदा ते मंगळवारी आलं. लेक शाळेतून आली ती दप्तर न काढताच पोत्यात हात घालून बसली. चार शेंगा खाऊन झाल्यावर आजीला म्हणाली, "आजी, इस बार मीठा है।" आजी तिच्याशी मराठीत बोलते, ती आजीला हिंदीत उत्तर देते, आणि दोघींचं कधी काही अडलेलं मी पाहिलेलं नाही.

त्याच दिवशी सकाळी कॉलेजात एका मुलीनं मला विचारलं होतं, "मैम, ये हीरो लोग इतने अकेले क्यों रहते हैं?" आधुनिक कादंबरीचा तास होता. मी रीतसर उत्तर दिलं. महायुद्धं सांगितली, वाढती शहरं सांगितली, यंत्रं आणि कचेऱ्या सांगितल्या, देवावरचा उडालेला विश्वास सांगितला. तिनं सगळं उतरवून घेतलं आणि वही मिटली, पण चेहऱ्यावर समाधान काही दिसेना. उत्तर बरोबर होतं, परीक्षेत त्याला गुणही मिळतील. तरी घरी येऊन पोत्याचा वास नाकात गेला आणि वाटलं, आपण त्या पोरीला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं मला एका हिवाळ्यात कळलं होतं, इथेच, वरच्या गच्चीवर. आमच्याकडे तिला छत म्हणतात. मी पुण्याची, मी अजून गच्चीच म्हणते.

या नायकांवर माझं फार प्रेम. अगदी विसाव्या वर्षापासून. हा माणूस बहुधा भाड्याच्या खोलीत राहतो. खोलीला एक खिडकी असते आणि तिच्यातून समोरची भिंत दिसते. तो छताकडे बघत पडतो, कारण नसताना शहरभर फिरतो, आरशात बघून हा कोण म्हणून विचारतो. त्याला नाव नसतं. त्याला सर्दी होत नाही, त्याचा गॅस संपत नाही, त्याच्या दारात इस्त्रीवाला येत नाही. आईचं पत्र आलं तर ते न फोडता टेबलावर पडून राहतं. त्याच्या हातात सिगारेट असेल, पुस्तक असेल, पण त्यानं कधी शेंगा सोललेल्या माझ्या तरी वाचनात नाहीत. मी थट्टा करतेय खरी, पण त्या वयात मला तोच खरा माणूस वाटे. सगळ्या जगानं ठरवून केलेल्या नाटकातून तो उठून बाहेर आलेला आहे आणि बाकीचे आपण आपापले संवाद म्हणत बसलोय, असं वाटायचं. अजूनही एखाद्या दुपारी वाटतं.

तर या प्रेमापायी मी प्रबंधाला विषय घेतला तोही तोच. आधुनिक कादंबरीतल्या नायकाची परात्मता. पुण्याला नाव नोंदवलं आणि मधेच लग्न होऊन जबलपूरला आले. सुहासचं घराणं इथलंच म्हणायचं, त्याचे आजोबा नोकरीनिमित्त आले ते राहिलेच. या लोकांचं एक मला सुरुवातीपासून गमतीचं वाटे. शेजारीपाजारी यांना "मराठी लोग" म्हणतात आणि हे पुण्याला आले की यांच्या "करून राहिलो"ला आमच्याकडचे हसतात. इथे तिथले, तिथे इथले. पण त्याचा कोणी प्रबंध केलेला नव्हता. ते आपले दोन्हीकडे हसून घेत आणि पुढच्या कामाला लागत.

लग्नाला दोन वर्षं झाली तो हिवाळा. विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली होती आणि माझं शेवटचं प्रकरण अडलं होतं. मागच्या खोलीत टेबल लावून मी बसे आणि दर अर्ध्या तासानं दार वाजे. चहा. मग शेवयांचा उपमा. मग बडा फुहाऱ्याच्या बाजारातून आणलेल्या शालीचा रंग कसा वाटतो. आणि दहा वाजले, ऊन जरा वर आलं, की सासूबाईंची जिन्यातून हाक.

"अनघा, काहून गं, आत बसून काय करून राहिली? ऊन निघालं छान. चल छतावर."

छतावर चटई, चटईवर मटाराचा ढीग, ढिगाभोवती घर. आमच्याकडे वर्षभराचा मटार याच दिवसांत सोलून, उकळत्या पाण्यातून काढून, चादरीवर सुकवून, पिशव्या भरून ठेवतात. त्यामुळे महिनाभर घरात येईल त्याच्यापुढे आधी शेंगा ठेवायच्या, मग पाणी. मीटर बघायला आलेला माणूससुद्धा मूठभर सोलून जातो. शेजारच्या रेखा भाभी तर स्वतःचं पोतं संपवून आमच्या पोत्यावर येत. हात चालत आणि तोंडं त्याहून जोरात चालत. मी जाई, तोंड एवढंसं करून दहा मिनिटं बसे, आणि नखांत हिरवं घेऊन खाली येई. माझा नायक चार प्रकरणं शांतपणे एका खोलीत एकटा बसू शकतो आणि मला एक सकाळ मिळू नये, याचा मला मनापासून राग येई.

शेवटचं प्रकरण एका नायिकेवर होतं. तिलाही नाव नव्हतं, कादंबरीभर ती नुसती "ती" होती. भरल्या घरातली गृहिणी. माझी एक खोड होती, प्रकरण लिहिण्याआधी त्या माणसाबद्दल एक पान असंच लिहायचं, तळटीप नाही, संदर्भ नाही. तिच्याबद्दल लिहिलं ते साधारण असं होतं : ती घरात आहे. ताटं मांडल्याचा आवाज येतो. त्यात आपलंही ताट आहे हे तिला माहीत आहे, पण ते कोणा दुसरीचं असावं असं तिला वाटतं. सगळे हसले की ती हसते. तिला कोणी त्रास देत नाही. तिला कोणी ओळखत नाही. वाचून बघितलं तर फारच गळेकाढू वाटलं. माझे मार्गदर्शक सर एक गोष्ट नेहमी बजावत, "या माणसांना बरं करायला जाऊ नका, ती आजारी नाहीत." हे पान वाचून ते नक्की म्हणाले असते की बाई, तुम्ही हिला काढा पाजायला निघालात. मी कागद टोपलीत टाकला.

आता आमच्या सासूबाईंचं एक सांगायला हवं. आई अमरावतीच्या. या गावात मराठी छापील अक्षर सहजी हाती लागत नाही, आणि त्यांना वाचनाची भूक जबर. पुण्याहून माझ्या आईनं पाठवलेल्या चिवड्याच्या डब्याला गुंडाळलेलं वर्तमानपत्रसुद्धा त्या हातानं सरळ करून वाचत आणि महिन्यापूर्वीच्या पाणीकपातीची बातमी मलाच सांगत. मराठी कागद न वाचता टाकणं त्यांना अन्न टाकल्यासारखं वाटे. माझ्या टोपलीतले पाठकोरे कागद त्या छतावर नेत, सालं ठेवायला. आणि सालं ठेवण्याआधी ते वाचत. हे मला माहीत नव्हतं. माझी मराठी वाचणारं या घरात कोणी आहे, हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एका सोमवारी दार वाजलंच नाही. चहा दाराबाहेर स्टुलावर होता, वर बशी झाकलेली. दहा वाजले, साडेदहा वाजले, हाक नाही. दुपारी सुहास फोनवर बोलताना आवाज उतरवून बोलला. मला वाटलं, देव पावला. दोन दिवसांत मी अठरा पानं लिहिली. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास वरून हसणं ऐकू आलं, पातेलं सरकल्याचा आवाज आला, आणि मी पेन खाली ठेवून थांबले. पाचेक मिनिटांनी कळलं की मी हाकेची वाट बघतेय.

मग आपणहून वर गेले. मी दारात दिसताच बोलणं थांबलं. रेखा भाभी म्हणाल्या, "अरे अनघा, तुम काहे आ गईं? जाओ, अपना काम करो, आराम से।" मी चटईवर टेकले आणि हात पुढे केला तर आईंनी परात स्वतःकडे ओढून घेतली.

"राहू दे गं. तू नको करू. तुला नाही आवडत तर काहून करायचं?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. मी खाली आले. टेबल होतं, शांतता होती, कमानिया गेटहून आणलेले कोरे ताव होते, आणि एक ओळ लिहिता येईना. परात्मता या विषयावर मी चार प्रकरणं खरडली होती. ती अशी असते, की वर आपलीच माणसं हसताहेत आणि आपल्या हाताला एक शेंग मिळत नाही, हे त्यांत कुठे नव्हतं.

संध्याकाळी आईंना फोनवर बोलताना ऐकलं. पलीकडे माझी आई होती. "नाही नाही, भांडण काही नाही. चांगली आहे पोरगी. पण तिचं मन नाही इथं. येऊ द्या काही दिवस तिकडे." जेवण झाल्यावर सुहासनं मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "आईनं तुझं तिकीट काढायला सांगितलं. पुढच्या गुरुवारचं काढलंय."

"आणि परतीचं?"

"परतीचं नको म्हणाली. तिला वाटेल तेव्हा येईल, म्हणाली."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तू इथं असावी," तो म्हणाला, "पण तू खूश नाही आहेस, असं आई म्हणते. आणि आईचं अशा बाबतीत चुकत नाही."

मला ते घर सोडायचं नव्हतं. हे मला त्या रात्री पहिल्यांदा स्वच्छ कळलं, आणि कळलं ते नेमकं तिकीट निघाल्यावर. मटार सोलायला बसत नाही म्हणून कोणी सुनेला घालवतं का, असा संतापही येत होता.

सकाळी ऊन वर यायच्या आधीच मी छतावर गेले. आई एकट्या होत्या, शाल डोक्यावरून घेऊन ढीग पसरत होत्या. मी उभ्या उभ्याच विचारलं, "आई, माझं काय चुकलं?"

त्यांनी चष्म्याची डबी उघडली. तिच्यात घडी केलेला कागद होता, एका कोपऱ्यावर हिरवा डाग पडलेला. "हे तू लिहिलं नं?"

अक्षर माझंच होतं. मी वाचलं आणि इतक्या मोठ्यानं हसले की शेजारच्या छतावरून रेखा भाभींनी डोकं काढलं. "अहो आई, ही कादंबरीतली आहे! ही मी नाही."

"कादंबरीतली?"

"हो."

"खरंच नं? की मला वाईट वाटेल म्हणून सांगून राहिली?"

"खरंच. पुस्तक दाखवते तुम्हाला."

आई हसल्या नाहीत. त्यांनी कागद लांब धरून पुन्हा एकदा वाचला. "मग पुढे काय होते हिचं?"

"काही नाही होत. ती तशीच राहते."

"म्हणजे?"

"म्हणजे, कादंबरी संपते."

"अन् कोणी विचारलं नाही तिला?"

"काय?"

"हेच. की काहून अशी बसून राहिली म्हणून."

माझ्याजवळ उत्तरं पुष्कळ होती. मी सांगायला लागले, की तिचा प्रश्न कोणी विचारपूस करून सुटण्यातला नसतो, तो असण्याचाच प्रश्न आहे, माणूस मुळातच एकटा जन्मतो वगैरे. आई ऐकत होत्या. "अच्छा," म्हणाल्या. भाजीवाला भेंडी ताजी आहे म्हणतो तेव्हा त्या म्हणतात, तसं. मग पुढची शेंग फोडली.

"मी आली तेव्हा वीस वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "हिंदी येत नव्हतं. म्हणजे सिनेमातलं समजायचं, बायांचं नाही समजायचं. इथंच बसायच्या सगळ्या, सोलायच्या, हसायच्या. मी पण हसायची. काय म्हणाल्या ते नाही समजलं तरी हसायची. सासूबाई वाईट नव्हत्या हो. कोणीच वाईट नव्हतं. ताट वाढून राहायचं माझं." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हे वाचलं आणि मी तर रडलीच. म्हटलं, माझं हे हिला कोणी सांगितलं? मग वाटलं, सांगितलं नसेल कोणी. हिलाच होऊन राहिलं असेल. याच घरात, पुन्हा."

"म्हणून तिकीट?"

"तेव्हा मला फार वाटायचं, कोणी म्हणावं, जा गं, राहून ये आईकडे. तीन वर्ष नाही म्हटलं कोणी."

"तुम्ही सांगायचं ना मग."

"आपण मागून जाणं वेगळं असते, बाई. कोणी म्हणायला पाहिजे." आणि एका शेंगेतले दाणे परातीत सोडून म्हणाल्या, "म्हटलं असतं ना, तर कदाचित मी गेली पण नसती."

मी खाली बसले. या वेळी परात कोणी ओढली नाही. मला फार लाज वाटली, ती सांगूनच टाकते. दोन वर्षं मी खोलीत बसून भिंतीकडे बघणाऱ्या पुरुषांचं दुःख समजून घेत होते, आणि ज्या बाईला भरल्या घरात तीन वर्षं स्वतःचं ताट परकं वाटलं ती रोज माझ्या दारात चहा घेऊन येत होती. मला ती व्यत्यय वाटत होती. माझे लेखक खोटे नव्हते. उलट त्यांनी लिहिलेलं इतकं खरं होतं, की अमरावतीच्या एका बाईनं सालं टाकता टाकता वाचलं आणि स्वतःला ओळखलं. चूक माझी होती. हा प्रकार फक्त पुस्तकात होतो, आणि झालाच तर सिगारेट ओढणाऱ्यांना होतो, अशी माझी समजूत होती.

पुढे प्रबंध झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी त्या नायिकेबद्दलच विचारलं, तिच्या तुटलेपणाचं मूळ कशात आहे? मी विषयाला धरून उत्तर दिलं. "कोणी विचारलं नाही" हे जिभेवर आलं होतं, पण ते तळटिपेत कोणाच्या नावावर घालायचं? आता मात्र वर्गात सांगणार आहे. त्या मुलीला पुढच्या तासाला सांगेन, की महायुद्धं आणि शहरं वहीत राहू दे, ती खरीच आहेत. शिवाय घरी जाऊन तुझ्या आजीला विचार, या घरात आलीस तेव्हा तुला कसं वाटत होतं. बहुतेक सगळ्यांच्या घरी एक बिननावाची नायिका निघेल. ती बरी झालेली असेल, आणि कशी झाली ते तिलाही नीट सांगता येणार नाही. आई म्हणतात, "होऊन गेलं हळूहळू. सुहासचे बाबा बोलायला लागले, मग रेखाची सासू बोलायला लागली, मग सुहास झाला." यावर काही सिद्धान्त मांडता येत नाही, पण मला ते पुरतं.

त्या सकाळी मीही सोलायला घेतलं. ऊन पाठीवर आलं, खाली कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मग मी म्हटलं, "आई, तुम्ही जाऊन या अमरावतीला."

"मी? आता कोण आहे तिथं?"

"मामा आहेत की, तुमचे भाऊ. राहा चांगल्या पंधरा दिवस."

"अन् हा एवढा मटार?"

"मी आहे ना."

त्यांनी माझ्याकडे जरा संशयानं बघितलं. माझी दोन वर्षांची शेंगांमधली कामगिरी त्यांना ठाऊक होती. तीन-चार शेंगा झाल्या. पाचवी त्यांनी फोडलीच नाही, हातात धरून बसल्या. "अन् तुझा तो अभ्यास?"

"तोही इथेच बसून करेन. रेखा भाभींना सांगा, मला रोज हाक मारायची."

सुहासनं माझं तिकीट रद्द केलं आणि त्याच गुरुवारचं त्यांचं काढलं. बाबा पहिले दोन दिवस घरभर विचारत फिरले, की काय झालं, कोणाचं काही आहे का तिकडे? त्यांचं चूक नव्हतं. इतक्या वर्षांत आई माहेरी गेल्या त्या लग्नाला, बारशाला, नाहीतर कोणी गेलं म्हणून. जाऊन परत. आम्ही त्यांना स्टेशनवर घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती आणि हातात सोललेल्या मटाराची पिशवी होती. त्या डब्यात खिडकीशी बसल्या तेव्हा गाडी सुटायला अवकाश होता. समोरच्या बाकावर एक बाई होत्या, त्यांनी साडी बघितली, पिशवी बघितली आणि विचारलं, "मायके जा रही हैं? शादी है क्या घर में?"

आईंनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं.

"नहीं जी," त्या म्हणाल्या, "शादी-वादी कुछ नहीं। बहू ने कहा, जाओ।"